अनुभववाद आणि किमया

इ. स. १६९२ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमधील दोन थोर पुरुषांमध्यें थोड्याशा तांबड्या मातीविषयीं पत्रव्यवहार चालू होता. त्यांपैकीं एक जॉन लॉक. मनुष्याचें सारें ज्ञान अनुभवापासून उत्पन्न होतें, आरंभीं मन हें कोऱ्या कागदासारखें असतें, असें प्रतिपादणारा त्याचा मानवी बुद्धीवरील निबंध प्रसिद्ध होऊन तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. दुसरा आयझॅक न्यूटन. ग्रहांच्या गतीचा उलगडा करणाऱ्या त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ला पांच वर्षें झालीं होतीं. ज्या मातीविषयीं या दोघांचें लिहिणें चाललें होतें, तिचा पाऱ्याशीं योग्य संयोग घडविला असतां सोन्याची वृद्धि करतां येते असा समज होता. ही माती आणि तिची कृति रॉबर्ट बॉईल या रसायनवेत्त्याकडून आलेली. बॉईल १६९१ च्या डिसेंबरअखेर निवर्तला, आणि त्याचे रसायनविषयक कागद तपासण्याचें काम ज्या तिघांकडे आलें त्यांत लॉक एक होता.

अर्वाचीन अनुभववादाचा प्रवर्तक किमयेच्या नादीं लागावा, ही गोष्ट श्रोत्यांपैकीं पुष्कळांस विसंगत वाटेल. अनुभववादाचा सूर्य उगवला आणि जादू, फलज्योतिष, किमया हीं सारीं भुतें पळून गेलीं, असें चित्र पाठ्यपुस्तकांतून रेखाटलेलें असतें. तें सोयीचें आहे, परंतु खरें नाहीं. अनुभवावर भिस्त ठेवण्याची शिकवण युरोपाला ज्या वाटांनीं मिळाली त्यांपैकीं एक मोठी वाट किमयागाराच्या भट्टीजवळून जाते.

अनुभववाद्यांचें यूरोपीय नांव ग्रीक वैद्यांपासून आलें आहे. प्राचीन ग्रीसमध्यें वैद्यांचा एक पंथ होता. रोगाचें आंतलें कारण डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं तर्क लढवीत न बसतां कोणत्या औषधानें कोणाला गुण आला तेवढें पाहावें आणि लक्षांत ठेवावें, असें त्याचें मत असे. संशयवादी तत्त्वज्ञ सेक्स्टस याला ‘एम्पिरिकस’ हें उपपद लागलें तें या पंथावरूनच. जें गुप्त आहे तें बुद्धीला अगम्य आहे, हा विचार अनुभववादाच्या मुळाशीं पहिल्यापासून आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मध्ययुगीन विद्यापीठांत ॲरिस्टॉटलचें राज्य होतें. बुद्धींत जें जें आहे तें तें प्रथम इंद्रियांच्या द्वारें आलें, असें तेथील पंडितहि म्हणत. तेवढ्यापुरते तेहि अनुभववादीच. परंतु त्यांच्या मतें शास्त्र म्हणजे कारणापासून कार्याकडे नेणारी सिद्ध परंपरा. उष्ण, शीत, ओला आणि सुका या चार उघड गुणांनीं बहुतेक पदार्थांचें वर्तन त्यांना समजावून सांगतां येई. कांहीं पदार्थ मात्र या हिशेबांत बसत नसत. लोहचुंबक लोखंडाला ओढतो, तो उष्णतेमुळें कीं ओलाव्यामुळें? रेवाचिनीनें कोठा साफ होतो, तो कोणत्या उघड गुणानें? अशा ठिकाणीं पंडित म्हणत कीं, या पदार्थांत ‘गुप्त गुण’ आहे. लॅटिन भाषेंतील ‘गुप्त’ या अर्थाचा तोच शब्द पुढें सबंध गूढविद्येला चिकटला. आतां गुप्त गुणाचें लक्षण असें कीं, तो बुद्धीनें काढतां येत नाहीं. कितीहि विचार केला तरी चुंबकाकडे नुसतें पाहून तो लोखंड ओढील असें अनुमान होत नाहीं. तो अनुभवानेंच कळतो. म्हणून विद्यापीठाच्या शास्त्रांत त्याला मानाचें पान मिळालें नाहीं, आणि तो वैद्य, खाणकामगार, धातुकार, किमयागार व जादूगार यांच्या वांट्याला आला. जें करून पाहिल्याशिवाय कळत नाहीं त्याचा सारा प्रांत अशा रीतीनें गूढविद्येच्या हातीं राहिला.

या लोकांनीं तो प्रांत नेहमींच चांगला सांभाळला असें नाहीं. ऐकीव गोष्टी एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेल्या. लसूण चोळली असतां चुंबकाची शक्ति नाहींशी होते, ही समजूत प्लूटार्कपासून चालत आलेली. परंतु ती खोडून काढणाऱ्यांत नैसर्गिक जादूवर ग्रंथ लिहिणारा नेपल्सचा जंबात्तिस्ता देल्ला पोर्ता हा होता, हें विशेष आहे. त्याच्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति १५८९ मध्यें निघाली. तींत तो सांगतो कीं, लसूण खाऊन चुंबकावर श्वास टाकला, चुंबकाला लसणीचा रस फासला, तरी त्याचें काम पूर्ववत् चाललें. जादूच्या पुस्तकांत असा प्रयोग आढळावा हें कोणास चमत्कारिक वाटेल. पण तो दुसऱ्या कोणत्या पुस्तकांत आढळणार होता? तर्कशास्त्राच्या पाठ्यग्रंथाला लसणीशीं कर्तव्य नव्हतें.

तेराव्या शतकांतील रॉजर बेकन हा ख्रिस्ती संन्यासीहि याच परंपरेंतला. १२६७ च्या सुमारास पोपला पाठविलेल्या मोठ्या ग्रंथांत त्यानें ‘अनुभवाचें शास्त्र’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातलें. अग्नि कधींहि न पाहिलेल्या माणसाला तो जाळतो असें युक्तिवादानें पटवून दिलें, तरी हात पोळल्याखेरीज त्याचें मन निवत नाहीं, असें त्याचें उदाहरण आहे. त्याच प्रकरणांत आयुष्य वाढविणाऱ्या औषधांच्या नवलकथाहि आहेत, आणि त्या त्यानें तितक्याच विश्वासानें सांगितल्या आहेत. सोळाव्या शतकांत पॅरासेल्सस यानें १५२७ मध्यें बाझेल येथें सेंट जॉनच्या उत्सवाच्या होळींत अविसेन्नाचा वैद्यकग्रंथ टाकला, तो एवढ्याचसाठीं कीं, पोथीपेक्षां सृष्टि वाचावी. सृष्टि म्हणजे ईश्वरानें खुणा करून ठेवलेलें पुस्तक, आणि वैद्यानें तें पायीं हिंडून वाचावें, हें त्याचें मत गूढवादी खरें. पण त्या मतानें त्याला खाणींत नेलें आणि खाणकामगारांच्या रोगांवर लिहावयास लावलें.

पॅरासेल्ससच्या परंपरेंतील फ्लँडर्सचा यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट याचा एक प्रयोग सविस्तर सांगण्यासारखा आहे. त्यानें एका कुंडींत भट्टींत वाळविलेली २०० रत्तल माती घातली, तींत ५ रत्तल वजनाचें विलो झाडाचें रोप लावलें, धूळ पडूं नये म्हणून वर भोकें पाडलेलें पत्र्याचें झांकण बसविलें, आणि पांच वर्षें पावसाचें किंवा गाळलेलें पाणी घातलें. पांच वर्षांनीं झाड १६९ रत्तल आणि सुमारें ३ औंस भरलें. माती पुन्हा वाळवून तोलली, ती सुमारें २ औंसच कमी झाली होती. यावरून त्यानें निष्कर्ष काढला कीं, लांकूड, साल आणि मुळें सारीं केवळ पाण्यापासून झालीं. निष्कर्ष चुकला, झाडाच्या देहांतील कर्ब हवेंतून येतो. गंमत अशी कीं, ‘गॅस’ हा शब्द या हेल्माँटनेंच बनविला, आणि कोळसा जळतांना निघणाऱ्या ज्या वायूचें वर्णन त्यानें केलें तोच वायु त्याच्या कुंडींतील झाड पांच वर्षें गुपचूप घेत होतें! आणि हा तराजू घेऊन बसणारा मनुष्य कोण? जखम ज्या शस्त्रानें झाली त्या शस्त्राला मलम लावलें तर दुरूनहि जखम भरते, या उपचाराचा त्यानें पुरस्कार केला, आणि त्यापायीं धर्मन्यायालयाचा छळहि सोसला. एका अनोळखी मनुष्यानें दिलेल्या पाव ग्रेन परिसानें आठ औंस पाऱ्याचें सोनें केल्याचें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. तराजू आणि परीस एकाच घरांत नांदत होते.

फ्रान्सिस बेकन याचें नांव अनुभववादाच्या इतिहासांत पहिल्या पानावर असतें. १६२० च्या आपल्या ग्रंथांत त्यानें किमयागारांवर कडक टीका केली आहे. चारदोन प्रयोगांवर ते सबंध विश्वाचें तत्त्वज्ञान उभारतात, हा त्याचा आक्षेप. परंतु त्यापूर्वीं १६०५ मध्यें त्यानें किमयेला इसापाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची उपमा दिली होती. मळ्यांत सोनें पुरलें आहे असें बापानें मरतांना सांगितलें. मुलांनीं सारा मळा खणला. सोनें मिळालें नाहीं, पण जमीन उकरली गेल्यामुळें द्राक्षांचें पीक भरघोस आलें. उपमा सुंदर आहे, आणि ती आजहि सांगितली जाते. तथापि तिच्यांत थोडा अन्याय आहे. खणणाऱ्या मुलांना आपण काय करतों हें कळत नव्हतें असें ती गृहीत धरते. किमयागारांना तें कळत होतें. शिवाय बेकनलाहि सोन्याचा मोह सुटला नव्हता; त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या प्रयोगसंग्रहांत सोनें कसें करावें याची त्याची स्वतःची सूचना आहेच.

त्यांना तें कळत होतें याचा पुरावा जॉर्ज स्टार्की याच्या टिपणवह्यांत मिळतो. हा बर्म्युडा बेटांत जन्मलेला व अमेरिकेंतील हार्वर्ड येथें शिकलेला तरुण १६५० मध्यें लंडनला आला आणि बॉईलचा रसायनांतील गुरु झाला. टोपण नांवानें लिहिलेल्या त्याच्या ग्रंथांत सिंह, सर्प, राजा आणि राणी यांच्या रूपकांचें दाट जंगल आहे. वह्यांत मात्र रोजचें काम, वजनें, फसलेले प्रयत्न, त्यांचीं कारणें आणि पुढील योजना हीं साध्या शब्दांत नोंदविलेलीं आहेत. रूपकांच्या त्या जंगलांत अर्थ मुळींच नाहीं, असें विद्वान् दीर्घकाळ मानीत आले. परंतु अमेरिकन संशोधक लॉरेन्स प्रिन्सिपे यानें स्टार्कीच्या परंपरेंतील कृति प्रयोगशाळेंत पुन्हा करून पाहिली, तेव्हां विशेष रीतीनें सिद्ध केलेला पारा आणि सोनें यांचें मिश्रण बंद कुपींत तापवितां तापवितां झाडासारख्या फांद्या काढून वर आलें. त्यांतून नवें सोनें निर्माण झालें नाहीं, हें सांगणें नकोच. परंतु धातु वाढतात, असें ज्यानें म्हटलें त्यानें तें डोळ्यांनीं पाहून म्हटलें होतें. अनुभवानें माणूस शहाणा होतो, त्याचप्रमाणें अनुभवानेंच तो फसतोहि, ही गोष्ट येथें नाकारतां येत नाहीं.

बॉईलला या विशेष पाऱ्याचा ध्यास पुढें चाळीस वर्षें होता. सोन्याशीं मिळवितांच हातांत ऊन लागणाऱ्या पाऱ्याविषयीं १६७६ मध्यें त्यानें रॉयल सोसायटीच्या मासिकांत एक लेख छापला. पुढें मागें काय करावें असा सल्लाहि त्यांत मागितला होता. स्वतःचें नांव न घालतां आद्याक्षरें तेवढीं, तींहि उलटीं, त्यानें खालीं घातलीं. लेख वाचून न्यूटननें सोसायटीच्या चिटणीसाला पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, यांत खरोखर मोठें रहस्य असेल तर तें जगाच्या हिताचें ठरेलच असें नाहीं, तरी त्या थोर लेखकानें यापुढें मौन पाळावें.

या पत्रापाशीं थोडें थांबलें पाहिजे. ‘गुप्त’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते येथें समोरासमोर आले आहेत. निसर्गानें लपविलेलें तें एक गुप्त. मनुष्यानें लपविलेलें तें दुसरें. किमयागार दोन्हीं मानीत. पहिल्यासाठीं ते भट्टी पेटवीत आणि दुसऱ्यासाठीं शपथा घेत. रॉयल सोसायटी १६६० मध्यें स्थापन झाली तेव्हां कोणाच्याहि शब्दावर न विसंबण्याचें ब्रीद तिनें घेतलें, आणि प्रयोग साक्षीदारांपुढें करून छापून काढण्याची रीत पाडली. पहिल्या गुप्ताला तिनें हांकलून दिलें नाहीं; तें तर संशोधनाचा विषयच होतें. तिचा विरोध दुसऱ्याला होता. बॉईल त्या सोसायटीचा आधारस्तंभ, आणि तरी आपली मुख्य कृति त्यानें उघड केली नाहीं. दोन जगांतील सीमारेषा अशी त्याच्या मेजावरूनच गेलेली होती.

आतां लॉककडे वळावें. ऑक्सफर्डला बॉईलनें स्ट्रासबुर्गचा पीटर स्टाल नांवाचा रसायनशिक्षक आणला होता. अँथनी वुड या समकालीन इतिहासकारानें त्याला ‘रोझिक्रूशियन’ म्हणून ओळखलें आहे. १६६३ च्या सुमारास त्याच्या वर्गांत लॉक बसत असे. बाकीचे टिपणें घेत आणि हा मात्र सारखा बोलत बसे, अशी वुडची तक्रार आहे. वुडला लॉक आवडत नसे, तेव्हां तींत थोडें मीठमसाला असेल. परंतु या वर्गाची छाया लॉकच्या निबंधावर पडली आहे, यांत शंका नाहीं. निबंधांत पदार्थाचें उदाहरण हवें असलें म्हणजे लॉक पुन्हा पुन्हा सोनेंच पुढें करतो. पिवळें, जड, वितळणारें, ठोकून पसरणारें, आम्लराजांत विरघळणारें, या अनुभवलेल्या गुणांच्या जुडग्याला लोक सोनें म्हणतात. हे गुण ज्या आंतरिक रचनेपासून निघतात ती खरी रचना कोणालाहि ठाऊक नाहीं. ती ठाऊक असती तर त्रिकोणाच्या व्याख्येवरून जसे त्याचे धर्म निघतात तसे सोन्याचे सारे गुण घरीं बसून काढतां आले असते. ती ठाऊक नाहीं, म्हणून पिवळा आणि जड असा हा पदार्थ ठोकल्यावर पसरतो कीं नाहीं, हें ठोकूनच पाहावें लागतें.

लॉकच्या तत्त्वज्ञानाचें मर्म येथें आहे. पंडितांनीं गुप्त गुण ही अडगळीची खोली मानिली होती. चार उघड गुणांच्या दिवाणखान्यांत जें मावत नाहीं तें तींत टाकावें. लॉकनें दाखविलें कीं सारें घरच त्या खोलीसारखें आहे. चुंबकाचें लोखंडाला ओढणें जितकें बुद्धीला अगम्य, तितकेंच सोन्याचें पिवळेपणहि अगम्य. म्हणून जी रीत एकट्या चुंबकाला लागू होती ती सर्व सृष्टीला लागू करावी. गूढविद्येनें काढलेला प्रश्न त्यानें घेतला. गूढवाद्यांनीं दिलेलें उत्तर, अंतःप्रकाशानें निसर्गाचें हृदय थेट पाहतां येतें हें, घेतलें नाहीं. निबंधाच्या चौथ्या आवृत्तींत, १७०० मध्यें, अंतःस्फूर्तीच्या अशा दाव्यांवर त्यानें एक स्वतंत्र प्रकरणच जोडलें.

नुसता अनुभव पुरेसा नसतो, हें ज्या प्रकरणानें इंग्लंडला शिकविलें तें भुतांचें. जोसेफ ग्लॅन्व्हिल हा धर्मोपदेशक रॉयल सोसायटीचा सभासद आणि नव्या प्रयोगपद्धतीचा कैवारी. विल्टशर परगण्यांत टेडवर्थ येथें एका गृहस्थानें भटक्या ढोलवाल्याचा ढोल जप्त केल्यापासून त्याच्या घरांत रात्रीं ढोल वाजूं लागला, अशी वार्ता पसरली. १६६३ च्या जानेवारींत ग्लॅन्व्हिल तेथें गेला. मुलांच्या उशीमागें खरवडल्याचा आवाज त्यानें ऐकला, तेथें हात घातला, बिछाना तपासला. कारण सांपडलें नाहीं, आणि त्यानें पिशाचाची ग्वाही दिली. प्रत्यक्ष पाहिलें, साक्षीदार आहेत, मग अविश्वास कसा ठेवावा, असा त्याचा युक्तिवाद. उलट १६७७ मध्यें जादूटोण्याच्या आरोपांवर कोरडे ओढणारा ग्रंथ लिहिणारा जॉन वेबस्टर हा पॅरासेल्सस व हेल्माँट यांचा भक्त. निसर्गांत इतक्या गुप्त शक्ति भरलेल्या असतां प्रत्येक वेळीं सैतानाला कशाला बोलवावें, असें त्याचें म्हणणें. अनुभववादी मनुष्य भूत मानतो आणि गूढवादी मनुष्य तें नाकारतो! ज्यांना या इतिहासांत दोन स्वच्छ पक्ष हवे असतात त्यांची येथें निराशा होते.

न्यूटनवर तर गुप्त गुणाचा आरोपच आला. पृथ्वी चंद्राला कांहीं मध्यस्थावांचून दुरून ओढते, ही कल्पना लाइब्निट्झला जुन्या गूढवादासारखी वाटली. १७१३ च्या आवृत्तींत न्यूटननें उत्तर दिलें कीं, गुरुत्वाकर्षण आहे आणि तें अमुक नियमानें चालतें एवढें घडणाऱ्या गोष्टींवरून सिद्ध होतें. तें कां आहे याविषयीं तो कल्पना रचीत नाहीं. कारण गुप्त राहो, नियम उघड आहे. पुढें १७४८ मध्यें डेव्हिड ह्यूमनें हाच धागा टोंकास नेला: भाकरीनें पोषण होतें हें ठाऊक आहे, परंतु भाकरीच्या ज्या गुप्त शक्तीनें तें होतें ती कोणींहि पाहिलेली नाहीं. रोजची भाकरीहि अशा रीतीनें चुंबकाच्या पंक्तीला जाऊन बसली. ज्या गुप्ताचें ओझें पंडितांनीं जादूगारांच्या डोक्यावर दिलें होतें तें ह्यूमच्या हातून सर्वांच्या ताटांत आलें.

न्यूटनच्या हस्तलिखितांत किमयेवरील लेखनाचे सुमारें दहा लक्ष शब्द आहेत. १९३६ मध्यें लंडनला त्यांचा लिलांव झाला. अर्थशास्त्रज्ञ केन्सनें त्यांतील पुष्कळ कागद मिळवून केंब्रिजला राखले, आणि ते वाचून न्यूटन हा बुद्धियुगाचा पहिला पुरुष नसून जादूगारांतला शेवटला होता असा अभिप्राय दिला. तो अभिप्राय झणझणीत आहे, परंतु अर्धाच खरा आहे. न्यूटननें भट्टीजवळ ठेवलेल्या नोंदी प्रकाशाच्या प्रयोगांइतक्याच काटेकोर आहेत.

१६९२ च्या त्या पत्रांकडे पुन्हा यावें. लॉकनें बॉईलच्या कागदांतील मजकूर उतरून न्यूटनला पाठविला. न्यूटननें उलट लिहिलें कीं, घाईनें प्रयोग करण्याच्या खटाटोपांत पडूं नये. बॉईलनें कृतीचा कांहीं भाग राखून ठेवला असावा असा त्याचा संशय होता. सुवर्णवृद्धीविरुद्ध आपल्याजवळ असा एक युक्तिवाद आहे कीं त्याला उत्तर सुचत नाहीं, हेंहि त्यानें कळविलें. मात्र तो युक्तिवाद त्या पत्रांत सांगितला नाहीं, लॉकची इच्छा असल्यास पुढें कळवीन एवढेंच म्हटलें. तिघेहि एकमेकांचे स्नेही, तिघेहि सत्यनिष्ठ, आणि तिघांतहि कांहीं ना कांहीं झांकलेलें.

त्याच पत्रांत न्यूटननें एका कायद्याचा उल्लेख केला आहे. चौथ्या हेन्रीच्या काळीं, १४०४ मध्यें, सोन्याचांदीची कृत्रिम वृद्धि करणें हा गुन्हा ठरविला गेला होता. तो कायदा बॉईलच्या खटपटीनें १६८९ मध्यें रद्द झाला. अट एवढीच होती कीं, या विद्येनें निघालेलें सारें सोनें लंडनच्या टॉवरमधील टांकसाळींत आणावें आणि तें नाण्यांखेरीज दुसऱ्या कामीं वापरूं नये. चार वर्षांनीं नव्हे, सात वर्षांनीं, १६९६ मध्यें, त्या टांकसाळीचा अधिकारी म्हणून न्यूटनची नेमणूक झाली. इंग्लंडचीं झिजलेलीं चांदीचीं नाणीं तेव्हां पुन्हा पाडलीं जात होतीं, आणि नाण्यांतील चांदीचें वजन एक कणभरहि कमी करूं नये असा आग्रह सरकारपुढें धरणारा लॉकच होता. न्यूटन पुढें तीस वर्षें, १७२७ मध्यें मरेपर्यंत, त्या टांकसाळींत राहिला. कस लावून, तोलून, नोंद करून सोनें तेथें येत होतें. कायद्यांत सांगितलेलें सोनें घेऊन मात्र कोणी आलें नाहीं.